नाक कापलेली थ्री-नॉट-थ्री

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या निम्म्या मराठी घरांत तरी अशी एखादी वस्तू सापडेल, जी शोभनाकाकूंनी कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून घासाघीस करून मिळवून दिलेली आहे. कुणाचा ब्रेड मेकर, कुणाची झुलती खुर्ची, कुणाच्या पोराचा पियानो. शनिवारी सकाळी फोन वाजतो, ‘काकू, आज याल का जरा बरोबर?’ आणि काकू पायात बूट घालूनच फोन उचलतात.

शोभना पिंपळखुटे या मूळच्या नागपूरच्या. वय त्रेसष्ट, उंची चार फूट दहा इंच. मिनेसोटात येऊन एकतीस वर्षं झाली, पण भाव करण्याची विद्या अजून सीताबर्डीच्या बाजारातलीच. या विद्येचं पहिलं कलम असं, की जी वस्तू मनापासून आवडली तिच्याकडे बघून आधी नाक मुरडायचं. मग तिचे दोष काढायचे, तेही मोठ्यांदा आणि दुकानदाराच्या तोंडावर. तो बिचारा शरमेने अर्धा झाला की भावही अर्धा होतो. इतकी वर्षं ही युक्ती कधी चुकली नव्हती. गेल्या सप्टेंबरात मात्र ती काकूंच्या चांगलीच अंगाशी आली.

त्याआधी काकूंच्या यजमानांविषयी सांगायला हवं. देवदत्त पिंपळखुटे हे निवृत्त इंजिनिअर. डब्यावरचं बारीक अक्षर पूर्ण वाचल्याशिवाय ते लोणचंसुद्धा उघडत नाहीत. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर लॅपटॉप आणि ड्रिल मशीन मांडतात, मग गॅरेजमध्ये जाऊन बर्फ उडवायच्या यंत्राला हळदकुंकू वाहतात. एकोणीसशे एक्क्याऐंशी साली ते मुलगी बघायला नागपूरला गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ‘तुमचे छंद काय?’ मुलीने खाली बघून सांगितलं, ‘विणकाम.’ देवदत्तांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून दर वाढदिवसाला ते बायकोला लोकर आणून देतात. तळघरात लोकरीचे सात मोठे डबे आहेत आणि एक सुंदर कापडी पिशवीही आहे, खास सुया ठेवण्यासाठी. काकूंनी आजवर एक टाकासुद्धा घातलेला नाही. संसाराच्या रगाड्यात हिला वेळ मिळत नाही, असं देवदत्तांना बिचाऱ्यांना वाटतं.

तर त्या शनिवारी सेल होता तीन घरं पलीकडे, डेल लुंडक्विस्टकडे. शहात्तर वर्षांचा डेल एकटाच होता. घर विकून महिनाअखेरीस तो म्हाताऱ्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायला जाणार होता. काकूंचं आणि त्याचं पहिल्यापासून जमायचं, कारण मिनेसोटाची जुनी माणसं आणि नागपूरची माणसं एका बाबतीत अगदी सख्खी भावंडं आहेत. कॉफी घेणार का, असं विचारलं की डेल म्हणायचा, नको. पुन्हा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचा, बरं, केलेलीच असेल तर घेतो. तिसऱ्या आग्रहाआधी हो म्हणणं त्याच्या घरात असभ्य समजत, आणि काकूंच्या माहेरीही.

काकू गेल्या होत्या एका केकच्या भांड्यासाठी. भांडं बाजूला ठेवून, सवयीप्रमाणे गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवावी म्हणून त्या आत शिरल्या. तिथे सुतारकामाच्या टेबलावर एक लांबट पेटी उघडी होती आणि पेटीत रायफल होती. कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मला विचारा.’

काकूंच्या हातातली पर्स खाली पडली.

बोल्टची ती वाकडी मूठ त्यांनी आधी ओळखली. मग चापाच्या पुढे पोट सुटल्यासारखं बाहेर आलेलं मॅगझिन. पण बाकी सगळं भलतंच होतं. पुढचं लाकूड अर्ध्यातच कापून टाकलेलं. नळीच्या तोंडावर एक बोथट लोखंडी नाक असायचं, ते गायब आणि नळी उघडीबोडकी. मागचा दस्ता चांगला दोन-तीन इंच आखूड केलेला आणि त्याला रबराची चकती ठोकलेली. बाजूला भोकं पाडलेली. जन्मभर मिशी ठेवणाऱ्या मामांनी एके दिवशी मिशी काढून समोर यावं, तसं काकूंना झालं. ओळख तर पटत होती, पण बघवत नव्हतं.

थ्री-नॉट-थ्री. काकूंनी चष्मा पुसून पट्टीवरचा आकडा वाचला, १९१८.

आता हे ईडन प्रेरीत कुणालाच ठाऊक नाही, की शोभनाकाकू या एके काळी एन.सी.सी.च्या सार्जंट तिजारे होत्या. तिजारे हे माहेरचं आडनाव. कॉलेजची तीन वर्षं त्यांनी पहाटे उठून परेड केली. रायफल पावणेचार फुटांची आणि सार्जंट चार फूट दहाची, त्यामुळे ‘बाजू शस्त्र’ म्हटलं की दोघींत रायफल कोण आणि पोरगी कोण हे लांबून कळत नसे. दस्ता खांद्याला लावला की मान बगळ्यासारखी पुढे ताणावी लागायची. गोळी सुटली की खांदा काळानिळा व्हायचा. तो आईला दिसू नये म्हणून शोभना भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची. पण गोळ्या अशा मारायची, की शंभर यार्डांवरच्या निशाणावर पाचही भोकं एका पुरीखाली झाकली जायची. शिकवणारे हवालदार म्हणायचे, ‘तिजारे, साँस रोको. पूरी दुनिया रोको.’ आणि तिला ते जमायचं. श्वास रोखला की घरचा स्वयंपाक, धाकट्या बहिणी, वडिलांचा आवाज, सगळं थांबायचं.

रायफल कधी कुणाच्या मालकीची नसायची. फायरिंग झालं की पाच गोळ्यांच्या पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तर सगळ्या पोरी गवतात गुडघ्यांवर. मग रायफल कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, जमा करायची आणि वहीत सही करायची.

तिसऱ्या वर्षी दिल्लीच्या शिबिरासाठी निवड चाचणी होती. हवालदारांनी तर तिला बॅग भरूनच ठेवायला सांगितलं होतं. नेमक्या त्याच दिवशी बघण्याचा कार्यक्रम ठरला. वडील म्हणाले, ‘दिल्ली कुठे पळून जात नाही. मुलाकडचे मात्र परवाच्या गाडीने परत जातायत. आणि हे बंदुकीचं त्यांच्यासमोर बोलायचं नाही. विणकाम सांग.’ आदल्या संध्याकाळी शोभनाने रायफल जमा केली, वहीत सही केली आणि घरी जाऊन केस धुतले. ती शेवटची सही. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांत तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

आणि आज ती रायफल डेलच्या गॅरेजमध्ये, केकच्या भांड्यापासून दहा पावलांवर पडली होती. काकूंना ती हवी होती. इतकी हवी होती, की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मग घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, सवयीचा आधार घेतला. म्हणजे नाक मुरडलं.

“ही कुणी खराब केली?” डेल जवळ येताच त्यांनी सुरुवात केली. “नाकच कापलंय हिचं. लाकूडही करवतीने कापलेलं दिसतंय. आणि हा दस्ता! इतका आखूड? लहान पोराची बंदूक करून टाकली. भोकं तर बघा. जुनी मिलिटरी रायफल, शंभर वर्षांची, आणि कुण्या अडाण्याने तिचं वाटोळं केलंय. संग्रह करणारे हिला हातही लावणार नाहीत. काय सांगता हिचं?”

डेलने टोपी काढली, पुन्हा घातली.

“ती माझ्या वडिलांनी कापली,” तो म्हणाला. “याच टेबलावर.”

मग त्याने पेटी बंद केली, चिठ्ठी काढून खिशात टाकली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, “ती विकायची नाही असं दिसतंय.” केकचं भांडंही त्याने वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिलं आणि सुटे पैसे घेतले नाहीत. मिनेसोटाचा माणूस याहून जास्त रागावत नाही. काकू घरी येईपर्यंत दोनदा रस्त्यात थांबल्या. आपल्या जिभेला एखादं कुलूप असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

“रायफल?” देवदत्तांनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं, घरात कोळी निघाला तर मी चप्पल घेऊन पुढे होतो आणि तू खुर्चीवर चढतेस. आपल्याला रायफल कशाला?”

“कशाला म्हणजे? असू दे.”

“असू दे म्हणजे काऊन?” देवदत्त अमरावतीचे. चिडले की त्यांचं अमरावती बाहेर यायचं. “कुणाला मारायचंय? हरणांना? तू तर मच्छर मारताना सॉरी म्हणतेस.”

खरं उत्तर द्यायचं तर एक्क्याऐंशी सालापासून सुरुवात करावी लागली असती आणि गॅसवर वरण होतं.

“आणि नीलला काय सांगशील?” देवदत्तांनी विचारलं. काकू वरण ढवळायला वळल्या.

नील हा त्यांचा मुलगा, रुपाली सून आणि आन्या ही आठ वर्षांची नात. तिघं दहा मिनिटांवर राहतात. शाळा सुटली की आन्याची बस आजीच्या दाराशी थांबते. साडेतीन ते सहा हा वेळ आजीचा. रुपालीचा एक नियम आहे, आन्या कुणाकडे खेळायला जाणार असली की ती त्या घरी फोन करून तीन गोष्टी विचारते. शेंगदाणे, कुत्रा आणि बंदूक. पहिल्या दोन्हींवर तोडगा निघतो. तिसऱ्यावर नाही. बंदूक असलेल्या घरात आन्या पाऊल टाकत नाही. म्हणजे रायफल घरात आली की आन्या घराबाहेर. काकू लोकांच्या वस्तूंमध्ये शंभर दोष काढतील, पण सुनेच्या या नियमात त्यांना एकही काढता येत नव्हता.

सोमवारी आन्या बसमधून उतरली ती उड्या मारतच.

“आजी, आय गॉट अ लॉलीपॉप! आज लॉकडाऊनची प्रॅक्टिस होती. आय वॉज द क्वायटेस्ट इन द होल क्लास.”

“म्हणजे काय करायचं असतं गं?” काकूंनी धपाटा तव्यावर टाकत विचारलं. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं त्याची ही तालीम, हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण आन्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“लाइट्स ऑफ करायचे. मग दप्तरांच्या कपाटामागे बसायचं आणि बिलकुल आवाज नाही करायचा. बॅड पर्सनला वाटलं पाहिजे की रूम एम्प्टी आहे. लुक, मी दाखवते.” ती फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि श्वास रोखला. डोळे समोर, एका जागी. काकूंनी मनात आकडे मोजले. वीस झाले, तीस झाले. पोरगी हलली नाही.

“सोड आता!” काकू ओरडल्या. “श्वास घे आधी!”

“सी? आय ॲम रियली गुड,” आन्या म्हणाली आणि धपाट्यासाठी हात पुढे केला.

या पोरीने आजीचा श्वास घेतला होता, अगदी तसाच, खोल आणि पक्का, पण तो लपण्यासाठी. त्या रात्री त्यांनी स्वतःला बजावलं, की रायफलचा विषय संपला. डेलची माफी तेवढी मागायची आणि गप्प बसायचं.

मंगळवारी त्या डबाभर चकल्या घेऊन डेलकडे गेल्या. डेल म्हणाला, नको. पुन्हा म्हणाला, नको, खरंच. काकूंनी तिसऱ्यांदा डबा पुढे केला, तेव्हा त्याने एक चकली घेतली आणि मग बोलता बोलता सात खाल्ल्या.

“डेल, मी शनिवारी खोटं बोलले,” काकूंनी सांगून टाकलं. “आमच्याकडे जी वस्तू सगळ्यात जास्त आवडते तिला आधी नावं ठेवतात. मी जितकी नावं ठेवली, तितकी मला ती आवडली होती.”

“खूपच आवडली होती म्हणायची,” डेल म्हणाला.

मग काकूंनी त्याला सगळं सांगितलं. पहाटेची परेड, काळानिळा खांदा, पाच पुंगळ्या, कोतातली वही. मराठीत कधी तोंडातून न निघालेली गोष्ट इंग्रजीत भराभर निघाली. डेलने मधे एकदाही तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर तो उठला, पेटी उघडली आणि म्हणाला, “दस्ता आखूड का आहे, ते तुम्ही विचारलंच नाहीत.”

“का आहे?”

“माझी आई तुमच्याएवढी होती. पाच फूटसुद्धा नाही. तिला वडिलांबरोबर हरणांच्या शिकारीला जायचं असायचं, पण कुठलीच बंदूक तिला लागू पडेना. मग अठ्ठावन्न साली वडिलांनी टपालाने ही मागवली. जुन्या लष्करी रायफली तेव्हा पोत्याच्या भावाने मिळायच्या. सगळा हिवाळा ते इथे बसून करवत आणि कानस चालवत होते. दर रविवारी आईला बोलवायचे, दस्ता तिच्या खांद्याला लावायचे, पेन्सिलने खूण करायचे आणि पुन्हा कापायचे. पुढचं लाकूड कापलं ते वजन कमी व्हावं म्हणून. रबर लावलं ते तिचा खांदा दुखू नये म्हणून. आईने बावीस वर्षं वापरली ही. घ्या, हातात घ्या.”

काकूंनी रायफल उचलली. आधी बोल्ट मागे खेचून नळी रिकामी आहे का ते पाहिलं. हे त्यांच्या हातांनीच केलं, त्यांना आठवावं लागलं नाही. मग गॅरेजच्या उघड्या दाराकडे पाठ करून, आतल्या विटांच्या भिंतीवर नेम धरत त्यांनी दस्ता खांद्याला लावला.

तो बसला. मान ताणावी लागली नाही, टाचा उचलाव्या लागल्या नाहीत, डावा हात दुखला नाही. डोळा आपोआप नळीच्या टोकावरच्या माशीच्या, म्हणजे नेमाच्या खुणेच्या, रेषेत आला. वहिनींचं ब्लाउज लहान करून घालणाऱ्या, नवऱ्याच्या उंचीच्या ओट्याशी पाटावर उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या आणि गाडीत उशी ठेवून बसणाऱ्या शोभनाकाकूंना आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू जशीच्या तशी बसली. कुण्या एका पुरुषाने आपल्या बायकोसाठी बंदूक कापली होती आणि तिला बसेपर्यंत कापत राहिला होता. ‘अडाणी’ म्हटलं होतं आपण त्याला. काकूंना रडू आलं, आणि रायफल हातात असताना डोळे पुसता येत नाहीत म्हणून ते तसंच वाहू दिलं.

“घेऊन जा,” डेल म्हणाला. “मी जातोय तिथे ठेवता येत नाही.”

“नको,” काकू म्हणाल्या. “माझी नात येते घरी.”

“तरी घेऊन जा.”

“नको, डेल.”

डेलने तोंड उघडलं, तसा काकूंनी हात वर केला. “थांबा. तिसऱ्यांदा आत्ता नका विचारू. मला शनिवारपर्यंत वेळ द्या.”

बुधवारी भाकरी थापता थापता त्यांना उत्तर सापडलं आणि ते इतकं सोपं होतं, की भाकरी तव्यावर करपली. तीन वर्षांत रायफल एकदा तरी घरी आणली होती का? छे! ती कोतातच असायची. मग इथे कोत नाही का? त्यांनी हात धुतले आणि आसपासच्या रायफल क्लबांना फोन लावत बसल्या. तिसरा क्लब म्हणाला, हो, सभासदांसाठी कुलूपबंद कपाटं आहेत. रायफल इथेच ठेवायची, इथेच वापरायची. दर वेळी वहीत सही.

“सही?” काकूंनी विचारलं. “प्रत्येक वेळी?”

“नियम आहे, मॅडम,” पलीकडचा माणूस दिलगिरीने म्हणाला.

“फार चांगला नियम आहे,” काकू म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी नील, रुपाली आणि देवदत्त यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि परेडपासून क्लबपर्यंत सगळं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. हा फरक सगळ्यांच्या लक्षात आला.

“आई, आर यू सिरियस?” नील म्हणाला. “तू आणि गन?”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून.”

रुपालीने क्लबचं नाव, कपाटाचं कुलूप आणि गोळ्या कुठे राहणार हे सगळं नीट विचारून घेतलं, वहीचा तर फोटोच हवा म्हणाली. काकूंना सुनेचा अभिमान वाटला. उरली आन्या. तिने चमचा खाली ठेवला.

“आजी, इट विल नेव्हर कम हिअर?”

“कधीच नाही.”

“चावी कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

“अँड आय डोन्ट हॅव टू सी इट? एव्हर?”

“तू नको म्हणशील तोवर नाही. जन्मभर नको म्हणालीस तरी चालेल.”

आन्याने विचार केला. “ओके,” ती म्हणाली, आणि भातावर तूप मागितलं.

सगळे गेल्यावर, भांडी विसळताना देवदत्तांनी हळूच विचारलं, “ती दिल्लीची चाचणी कोणत्या तारखेला होती म्हणालीस?”

“बावीस नोव्हेंबर.”

“बावीस नोव्हेंबरला तर मी...” त्यांच्या हातात ताट तसंच राहिलं. “म्हणजे मी तिथे बसून चिवडा खात होतो.”

“दोन बश्या,” काकू म्हणाल्या. “तुमचा काय दोष? तुम्हाला कुठे माहीत होतं.”

देवदत्तांनी ताट पुसलं. मग तेच ताट पुन्हा पुसलं.

शनिवारी डेलने तिसऱ्यांदा विचारलं आणि काकू हो म्हणाल्या. त्याने भाव सांगितला. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेला भाव मुकाट्याने दिला. हे ऐकून ईडन प्रेरीतल्या बायकांना रायफलपेक्षा मोठा धक्का बसला.

ऑक्टोबरच्या एका लख्ख सकाळी देवदत्तांनी गाडी काढली. काकूंच्या मांडीवर ती विणकामाची कापडी पिशवी होती आणि तिच्यात कानांवर लावायची यंत्रं, चष्मा आणि गोळ्यांचा डबा होता. क्लबमध्ये त्यांनी वहीत सही केली. देवदत्त मागच्या बाकावर कान झाकून बसले, आणि अर्ध्या आयुष्याच्या सहवासानंतर त्यांनी बायकोला पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं. ती बुटकी, गुटगुटीत बाई पोटावर झोपली, दस्ता खांद्याला लावला, आणि स्थिर झाली. अशी स्थिर, की तिच्या भोवतीची हवासुद्धा थांबली.

पहिली गोळी निशाणाबाहेर मातीत गेली. दुसरीही. उरलेल्या तीन मात्र आत बसल्या. पुरीखाली नाही, पण एका चांगल्या थालीपिठाखाली झाकल्या असत्या.

मग काकू उठल्या आणि जमिनीवर गुडघे टेकून पुंगळ्या गोळा करू लागल्या. चार सापडल्या. पाचवी मिळेना. काकूंचा चेहरा पडला. शेजारच्या फळीखाली, बाकाखाली, देवदत्तांच्या बुटाजवळ, सगळीकडे त्यांनी शोधलं. देवदत्तही ओणवे झाले आणि त्यांनाच ती भिंतीच्या कडेला मिळाली. काकूंनी पाचही पुंगळ्या ओंजळीत घेतल्या, मैदानावर देखरेख करणाऱ्या दाढीवाल्या माणसासमोर जाऊन ताठ उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

“पाच. मोजून घ्या.”

तो गोंधळला. “मॅडम, त्या तुमच्याच आहेत. ठेवा तुमच्याकडेच.”

काकूंना क्षणभर समजलं नाही. “परत नाही द्यायच्या?”

“कुणाला?” त्याने विचारलं.

रायफल कपाटात गेली, कुलूप लागलं, वहीत सही झाली. गाडीत बसल्यावर काकूंनी पुंगळ्या पुन्हा मोजल्या. ओंजळीतल्या पितळी पुंगळ्या अजून कोमट होत्या. देवदत्तांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. घसा खाकरला. शर्टाची कॉलर नीट केली. मग सरळ समोर बघत, फार वर्षांपूर्वीच्या त्या दिवाणखान्यातल्या आवाजात त्यांनी विचारलं,

“तुमचे छंद काय?”

काकूंनी मान वर केली. या वेळी त्या खाली बघत नव्हत्या.

“नेमबाजी,” त्या म्हणाल्या.